दुबळ्या घोड्याची दाणावैरण

मार्गशीर्षाचा वद्य पक्ष सरत आला म्हणजे नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. बेलभंडाऱ्याने देवाचे आवार पिवळे होऊन जाते, आणि देवळाबाहेरच्या माळावर जनावरांचा मोठा बाजार उभा राहतो. बैल, उंट, गाढवे अशी सर्व प्रकारची जनावरे तेथे येतात. परंतु दूरदूरचे शौकीन माळेगावची वाट धरतात ती घोड्यांकरिता. घेणारा घोड्याचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, दोन पावले चालवून पाहतो, आणि अखेरीस रुमालाखाली हात घालून किंवा उघड बोलीने सौदा ठरतो.

ह्या बाजारात ऐटदार जनावर श्रीमंताकडे जाते. बेताच्या मिळकतीचा मनुष्य वळतो तो अंगाने खालावलेल्या घोड्याकडे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्याची स्थिती, पुठ्ठे बसलेले, मानेची कड उतरलेली. परंतु हाडापेराने चांगला, डोळ्याने पाणीदार आणि किमतीने आवाक्यातला. घेणारा मनात हिशेब करतो की, महिनाभर भरपूर हरभरा चारला की घोडा भरून येईल आणि माघातल्या लग्नांना वरातीत उभा राहील. ह्याच हिशेबाने पुष्कळ घोडे पोटशुळाने तडफडून मेले आहेत, आणि पुष्कळांचे खूर कायमचे बिघडले आहेत. ज्याने उसनवारी करून जनावर घेतले त्याचे भांडवल व कमाईचे साधन अशा वेळी एका रात्रीत नाहीसे होते. तेव्हा खालावलेला घोडा भरून कसा आणावा, आणि तसे करताना त्याचा जीव कसा सांभाळावा, हा विषय मराठवाड्यातील पशुपालकांस विचार करण्यासारखा आहे.

एके काळी ह्या मुलखात घोड्याशिवाय पान हालत नव्हते. आज लष्करात त्याचे काम फारसे उरलेले नाही, आणि टांगेही रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. तरीही तो अगदीच पडद्याआड गेलेला नाही. लग्नाच्या वरातीला घोडा लागतो. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा संसार आजही तट्टाच्या पाठीवरून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जातो. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोड्यांचा तबेला आदराने राखला जातो, आणि सणांच्या मिरवणुकीत त्या घोड्यांना मानाचे स्थान असते. भीमेच्या खोऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही अलीकडेच झाली आहे. म्हणजे घोडा पाळण्याची हौस व गरज अद्याप शिल्लक आहे. ओसरत चालले आहे ते त्याला चारण्याचे ज्ञान. पूर्वी पागेत मोतद्दार असे, गावात नालबंद असे. घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणत, आणि तो शब्दच मुळी शालिहोत्र ह्या प्राचीन अश्ववैद्यक सांगणाऱ्या ऋषीच्या नावावरून आलेला आहे. ह्या मंडळींच्या तोंडी असलेले ज्ञान त्यांच्याबरोबर गेले, आणि घोडा मात्र बैल सांभाळणाऱ्याच्या हाती आला.

येथेच पहिली चूक होते. नांदेडच्या कंधार भागातील लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी ह्या गोवंशांनी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला बैल चारण्याची विद्या उत्तम शिकविली आहे. परंतु बैलाची रीत घोड्याला लागू करता येत नाही. बैलाच्या पोटाला चार कप्पे असतात. तो घाईघाईने गिळलेली वैरण मागाहून निवांतपणे रवंथ करतो, आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू ती कुजवून त्याच्या उपयोगी पाडतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने फारच लहान असते. त्यात सरासरी ८ ते १५ लिटर एवढेच मावते. शिवाय जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला ओकारी होत नाही. एकदा पोटात गेलेले अन्न वर येऊन सुटका होण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही.

घोड्याचे वैरण कुजविण्याचे कोठार आहे ते मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात. तेथील जंतू गवतातील चोथा फोडतात आणि त्यातून घोड्याला शक्ती मिळते. धान्यातील पिष्ट मात्र त्याआधी लहान आतड्यातच पचले पाहिजे. एका वेळी धान्य अधिक झाले तर ते लहान आतड्यात न पचता तसेच मागे ढकलले जाते, आणि मोठ्या आतड्यात एकाएकी आंबू लागते. त्यामुळे आम्ल वाढते, गवत पचविणारे जंतू मरतात, वायू धरतो आणि त्यांच्यातून निघालेली विषे रक्तात मिसळतात. ह्याचे एक फळ म्हणजे पोटशूळ. दुसरे फळ अधिक कपटी असते. खुराच्या आत हाडाला कवचाशी बांधून ठेवणारा जो नाजूक पडदा असतो त्याचा दाह होतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार देऊन उभा राहतो, आणि उपचार वेळेवर न झाल्यास हाड कवचातून सरकते. असा घोडा जगला तरी वरातीत नाचण्याचा राहत नाही. हा सर्व अनर्थ कोणत्याही विषाने होत नाही. प्रेमाने भरलेल्या तोबऱ्याने होतो.

म्हणून चंदी वाढविण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे: घोडा खालावला कशाने? कमी खाण्याने, हे उत्तर नेहमीच खरे नसते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात व घासत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा धारदार होतात, आणि गाल व जीभ कापली जाते. असा घोडा अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून टाकतो, आणि त्याच्या लिदीत दाणे सबंध दिसतात. त्याला दुप्पट चंदी दिली तरी ती उकिरड्यावरच जाणार. दाढा जाणकाराकडून घासून घेतल्या की पुष्कळदा पूर्वीच्याच खाण्यावर घोडा सुधारू लागतो.

दुसरे कारण पोटातील जंत होय. लीद तपासून घेऊन त्याप्रमाणे औषध द्यावे. मात्र अगदी अस्थिपंजर झालेल्या जनावराला पहिल्याच दिवशी जहाल औषध पाजू नये, ते केव्हा द्यावे हे पशुवैद्याने ठरवावे. तिसरे कारण सर्रा नावाचा रोग. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांच्या दंशाने त्याचे सूक्ष्म जंतू एका जनावरातून दुसऱ्यात जातात. ताप येतो व उतरतो, पायांवर व पोटाखाली सूज येते, आणि घोडा खात असतानाही दिवसेंदिवस झिजत जातो. हे जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स ह्या पशुवैद्याने त्या वेळच्या पंजाबात, डेरा इस्माईल खान येथे, घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात प्रथम ओळखले. यात्रेत जेथे उंट, घोडे आणि गाढवे शेजारी शेजारी बांधली जातात तेथून आणलेले जनावर झिजत असेल तर त्याचे रक्त तपासून घेणे अगत्याचे आहे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे आणि शेजारी परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथपर्यंतचा फेरा घोड्याच्या किमतीपुढे जड नाही. नवा घोडा पहिले काही आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळा बांधावा, हेही ह्याच ओघात सांगितले पाहिजे.

कारण समजले म्हणजे घोड्याचे वजन काढावे. त्यासाठी काटा लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून, पाठीच्या उंचवट्याला धरून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्यास लांबीने गुणावे, आणि आलेल्या संख्येस ११,८८० ने भागावे. उत्तर किलोंमध्ये येते. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो होईल. बाजारातल्या मध्यम बांध्याच्या देशी घोड्याचे हे माप धरून पुढील सर्व हिशेब सांगता येईल.

वजनाबरोबर अंगाची स्थितीही नोंदवावी. अमेरिकेतील टेक्सास येथे हेनेके ह्या संशोधकाने १९८३ मध्ये १ ते ९ अंकांची एक पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती आज जगभर वापरली जाते. हात फिरविला असता बरगड्या लागतात परंतु डोळ्यांना दिसत नाहीत, असा घोडा ५ अंकांचा. बरगड्या स्पष्ट दिसतात, कण्याची रेघ उठून दिसते, असा ३ अंकांचा. आणि केवळ सांगाडा उरलेला तो १ अंकाचा. पोटाच्या घेरावरून मात्र फसू नये. हलकी वैरण खाणाऱ्या व जंतांनी पीडलेल्या घोड्याचे पोट सुटलेले आणि पाठ वाळलेली असते.

जो घोडा १ किंवा २ अंकांवर आहे, म्हणजे ज्याची खरोखर उपासमार झालेली आहे, त्याच्यासाठी पहिले दहा दिवस सर्वांत जोखमीचे असतात. उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू जाळून जगत असते. अशा वेळी एकदम धान्य पोटात गेले तर रक्तात साखर उसळते, ती पेशींत नेण्यासाठी शरीर धावपळ करते, आणि त्या ओघात रक्तातील स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम हेही पेशींत खेचले जातात. रक्तात त्यांचा तुटवडा पडून हृदय व श्वास बंद पडतो. घोडा पोटभर खाऊन तीन ते पाच दिवसांनी मरतो, आणि धन्याला वाटते की कोणाची दृष्ट लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेत ह्याविषयी प्रयोग झाले, आणि त्यांत असे दिसून आले की उपाशी घोड्याला धान्यापेक्षा लसूणघास थोड्या थोड्या प्रमाणात दिलेला मानवतो. कारण त्यात पिष्ट कमी, आणि प्रथिने व क्षार अधिक असतात.

त्या धोरणाने २६५ किलोंच्या घोड्याला पहिले तीन दिवस वाळलेला लसूणघास दर चार तासांनी सुमारे ३०० ग्रॅम द्यावा, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून प्रत्येक वेळचे माप हळूहळू वाढवावे आणि वेळा कमी कराव्यात. सहाव्या दिवसाच्या सुमारास दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी १ किलोच्या थोडे वर, एवढ्यावर यावे. दहा दिवसांनी तो खाईल तितकी वैरण द्यावयास हरकत नाही. ह्या काळात धान्याचा एक दाणाही देऊ नये. हे दहा दिवस पशुवैद्याच्या नजरेखाली गेले तर फारच उत्तम.

तीन किंवा चार अंकांच्या घोड्याला एवढा कडक नेम लागत नाही. परंतु जुन्या खाण्यावरून नव्यावर आणताना सात ते दहा दिवस त्यालाही द्यावेच लागतात. मोठ्या आतड्यातील जंतूंना नवे अन्न ओळखावयास तेवढा अवधी लागतो. म्हणून बाजारात घोडा घेतानाच विकणाऱ्यास तो काय खातो हे विचारून घ्यावे, आणि शक्य तर त्याच वैरणीचे एक ओझे बरोबर आणावे.

आता रोजच्या आहाराचा विचार. घोड्याने दिवसाकाठी आपल्या वजनाच्या शंभरात दोन ते अडीच भाग एवढे सुके अन्न खावे. म्हणजे आपल्या घोड्याला सव्वापाच ते साडेसहा किलो. त्यांपैकी निदान चार किलो वैरण असलीच पाहिजे. ह्या नियमाला अपवाद नाही. मराठवाड्यात हाताशी असते ती ज्वारीच्या कडब्याची पेंढी. चांगला, हिरवट झाक असलेला कडबा कुट्टी करून दिला तर तो पोट भरतो, चघळावयास लावतो. परंतु त्यात प्रथिने फार थोडी. नुसत्या कडब्यावर घोडा तग धरील, भरणार नाही. त्याच्या जोडीला फुलोऱ्यापूर्वी कापलेले मारवेलासारखे मऊ गवत, आणि दीड किलोपर्यंत वाळलेला लसूणघास दिला म्हणजे वैरण पुरी होते. ओला लसूणघास द्यावयाचा असल्यास वाळलेल्याच्या चार ते पाच पट वजन धरावे. कुसळी गवताची कुसळे जिभेत व हिरड्यांत रुततात, तेव्हा ते कुसळ धरण्यापूर्वीच कापलेले असावे. वैरण दिवसातून दोनदा ढीग घालून देण्याऐवजी चार-पाच वेळा विभागून द्यावी. रानातला घोडा दिवसरात्र मिळून बहुतेक वेळ चरतच असतो. त्याच्या जठरात आम्लही अखंड पाझरत असते, आणि तासन्‌तास रिकाम्या पोटी ठेवल्यास त्यास व्रण पडतात.

वैरण नीट बसल्यावर चंदी सुरू करावी. दख्खनच्या घोड्यांची जुनी चंदी म्हणजे हुलगा आणि हरभरा. हुलगा उकडून आणि हरभरा भिजवून देण्याची जी रीत होती ती शहाणपणाची होती. उकडल्याने हुलग्यातील पचनाला आड येणारे द्रव्य नाहीसे होते, आणि भिजविल्याने हरभरा पोटात फुगत नाही. चंदीचा आरंभ रोज २०० ग्रॅमपासून करावा आणि दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी भर घालीत दिवसाला १,२०० ग्रॅमपर्यंत जावे. मात्र ती सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी तीन वाट्यांत, एका वेळी ४०० ग्रॅमहून अधिक नाही. आधी थोडी वैरण आणि मग तोबरा, हा क्रम ठेवावा. अधाशी घोड्याच्या चंदीत मूठभर कुट्टी मिसळली म्हणजे तो सावकाश चावतो.

ज्याला ह्यापेक्षा अधिक भर हवी आहे त्याने दाणा वाढवू नये, तेल वाढवावे. तेलात पिष्ट नसल्यामुळे आतड्यात आंबण्याची भीती नसते, आणि वजनाच्या मानाने त्यात धान्याच्या दुपटीहून अधिक शक्ती असते. मराठवाड्यात करडईचे व सोयाबीनचे तेल सहज मिळते. रोज ३० मिलिलिटरपासून प्रारंभ करून दोन-तीन आठवड्यांत १२० मिलिलिटरपर्यंत जावे आणि ते चंदीत कालवून द्यावे. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ असल्यामुळे तेथील पशुपालकाला कच्चे सोयाबीन घालण्याचा मोह होतो. ते घालू नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते. उष्णता देऊन तयार केलेली सोयाबीनची पेंड रोज शे-दोनशे ग्रॅम दिली तर ती झिजलेले स्नायू भरून काढण्यास उत्तम. गव्हाचा कोंडा आवडीने खाल्ला जातो, परंतु त्यात स्फुरद फार व चुना थोडा असल्यामुळे रोज पाटीभर घातला तर हाडे ठिसूळ होऊन तोंडाची हाडे सुजतात. तो मूठभरच असावा. लसूणघासातील चुना त्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

काही पदार्थ घोड्याच्या गव्हाणीपासून दूरच ठेवले पाहिजेत. त्यांत पहिले कोंबड्यांचे खाद्य. पुष्कळ ठिकाणी त्यात मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते; कोंबडीला जे सहज सोसते त्याच्या अल्पांशानेही घोड्याच्या हृदयाचा स्नायू निकामी होतो. स्वस्त मिळते म्हणून किंवा चुकून उघडे राहिलेले पोते म्हणून, हे खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नये. दुसरी बुरशी धरलेली वैरण. काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजलेला कडबा वरून कोरडा दिसतो, आत काळा पडलेला असतो. बैल तो एखादे वेळी पचवील, घोडा पचविणार नाही. बुरशी आलेल्या मक्याने घोड्याच्या मेंदूचा लगदा होतो. तिसरी कोवळी हिरवी ज्वारी. जिने गुरांना किराळ लागते तिनेच घोड्याच्या मूत्राशयाला व मागच्या पायांच्या नसांना अपाय होतो. चौथी एरंडीची पेंड, आणि पाचवी लाख नावाची डाळ. लाखेच्या सततच्या खाण्याने घोड्याच्या कंठाला लकवा होतो, आणि थोडे धावताच त्याच्या घशातून घरघर ऐकू येते.

पाण्याविषयी मराठवाड्यातील माणसाला अधिक सांगावे लागू नये. तरीही चैत्र-वैशाखात विहिरी आटल्या म्हणजे पहिली काटछाट जनावरांच्या पाण्यात होते. सुका कडबा खाणाऱ्या घोड्याला रोज २० ते ३० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात व कामाच्या दिवशी त्याहून अधिक. पाणी कमी पडले की सुकी वैरण आतड्यात गोळा होऊन बसते. सुमारे २५ ग्रॅम साधे मीठ रोज चंदीत घातले म्हणजे तहान लागते आणि घामाने गेलेले भरूनही निघते.

घोडा का अडला आणि भाकरी का करपली, ह्या जुन्या कोड्याचे उत्तर एकच आहे: न फिरविल्यामुळे. खुंट्याला बांधून खाऊ घातलेला घोडा चरबी धरील. पाठ व पुठ्ठे भरावयाचे तर दोन आठवड्यांनी त्याला रोज थोडा वेळ हाती धरून चालवावे, आणि पुढे बेताबेताने वाढवावे. त्याच वेळी खरारा करताना अंगावरून हात फिरवावा. वजन वाढते आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते.

एवढे करूनही कधी घोड्याचे पोट दुखू लागले तर लक्षणे ओळखता आली पाहिजेत. तो वैरण सोडतो, पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, घामाघूम होतो, लीद टाकीत नाही. असे दिसताच सर्व खाणे काढून घ्यावे आणि पशुवैद्यास बोलावून आणावे. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा घशात ओतण्याचा जुना उपाय करू नये. ते फुप्फुसात गेले तर पोटशुळातून वाचलेला घोडा त्याने मरतो.

मराठ्यांच्या इतिहासात वैरणीची किंमत फार मोठ्या अक्षरांनी लिहिलेली आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये ह्याच लातूर भागातील उदगिरास सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाचा पराभव केला. त्यानंतर लवकरच ती फौज मराठवाड्यातील परतूरहून उत्तरेकडे निघाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घोडे रणात उतरले ते अनेक दिवसांच्या उपासाने खंगलेले होते. ज्या घोड्यांनी उदगीर जिंकले त्यांच्यापुढे पानिपतात गवत उरले नव्हते.

आज एवढे मोठे संकट कोणाच्याही दारी नाही. प्रश्न एका घोड्याचा आणि एका घराच्या मिळकतीचा आहे. योग्य खाण्याने अंगाचा एक अंक वाढावयास साधारणतः एक ते दोन महिने लागतात. माळेगावाहून मार्गशीर्षाच्या अखेरीस आणलेला ३ अंकांचा घोडा पौषात दात, जंत व रक्त तपासून वैरणीवर स्थिर करावा. माघात चंदी व तेल चढवावे. फाल्गुनात त्याला हाती धरून चालविण्यापासून हळूहळू कामाला लावावे. चैत्र उजाडेल तेव्हा बरगड्या झाकलेल्या असतील, आणि वैशाखातील लग्नसराईला तो वरातीपुढे उभा राहील. माघातल्या दोन-चार सुपाऱ्या हातच्या जातील हे खरे. त्या सोडून देण्याइतका धीर ज्याच्याजवळ आहे त्याने दर पंधरवड्यास शिंप्याची फीत लावून आलेला आकडा तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. आकडा सावकाश चढत असेल तर चंदी बरोबर आहे. तो थांबला तर तोबरा मोठा करण्यापूर्वी पुन्हा एकदा घोड्याचे तोंड उघडून दाढा पाहाव्यात.